ऊस, कांदा आणि सुवर्णसौध: बातम्यांतून इंग्रजी शब्द कसे शिकायचे

नोव्हेंबर २०२५ च्या पहिल्या आठवड्यात मुडलगी तालुक्यातल्या गुर्लापूर क्रॉसवर ऊस उत्पादक ठाण मांडून बसले होते. टनाला ३,५०० रुपये द्या, ही मागणी होती. मुख्यमंत्र्यांनी शेतकरी आणि कारखानदारांशी बोलून ३,३०० रुपयांचा आकडा जाहीर केला, तोवर गोकाकपासून चिकोडीपर्यंत दुसरा विषय नव्हता. उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) किती धरायचा, तोडणी-वाहतूक कुणाच्या माथी, मागची थकबाकी कधी मिळणार, हे सगळं दहावीच्या पोरालाही तोंडपाठ होतं. त्याच पोरापुढे त्या आठवड्यातलं इंग्रजी वर्तमानपत्र ठेवलं असतं, तर तो तिसऱ्या ओळीला थांबला असता. 'स्टेलमेट', 'रिलेंट', 'एरिअर्स', 'रिम्युनरेटिव्ह'. एकेक शब्द आडवा येतो आणि पेपर बाजूला जातो.

मी बेळगावात संध्याकाळी पदवीच्या आणि स्पर्धा परीक्षांच्या मुलांना इंग्रजी शिकवतो, म्हणून हा प्रकार रोज पाहतो. माझं म्हणणं साधं आहे. ज्या बातमीचा विषय तुमच्या घरात आधीच बोलला जातो, तीच तुमची इंग्रजी शब्दांची पहिली शाळा. राजकारण आणि व्यापार हे विषय रुक्ष आहेत, कठीण आहेत, असं मुलांना सांगितलं जातं. सीमाभागातल्या मुलाला ते मुळीच रुक्ष नाहीत. उसाचा दर, तंबाखूचा भाव, फौंड्रीची ऑर्डर, म्हादईचं पाणी, सीमाखटला हे त्याच्या जेवणाच्या ताटाभोवतीचे विषय आहेत. त्याला मजकूर माहीत आहे. त्यावर इंग्रजीत कोणती नावं चिकटवलेली आहेत, तेवढंच शिकायचं राहिलं आहे.

आपल्या मुलांची अडचण वेगळी आहे हेही मान्य करायला हवं. घरी आणि शाळेत मराठी, तहसीलदार कचेरीत आणि बसच्या पाटीवर कन्नड, आणि बँकेच्या परीक्षेला, कंपनीच्या मुलाखतीला इंग्रजी. ही तिसरी भाषा कानावर जवळजवळ पडतच नाही. मग मुलं बाजारातून 'पाच हजार शब्द' छापाचं पुस्तक आणतात, 'ए'पासून सुरुवात करतात आणि 'बी'च्या मध्यावर सोडून देतात. यात मुलांचा आळस नाही. ज्या शब्दाला प्रसंग नाही, माणूस नाही, भांडण नाही, तो शब्द डोक्यात टिकणार कशाच्या आधारावर?

शब्दसंपत्तीवर आयुष्यभर संशोधन केलेले पॉल नेशन यांनी २००६ मध्ये हिशेब मांडला होता. इंग्रजी वर्तमानपत्र किंवा कादंबरी विनाअडथळा वाचायची, म्हणजे शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द ओळखीचे हवेत, तर साधारण ८,००० ते ९,००० शब्दकुळं यावी लागतात. एक शब्दकुळ म्हणजे मूळ शब्द आणि त्याची रूपं: 'एक्स्पोर्ट', 'एक्स्पोर्टर', 'एक्स्पोर्टेड' हे सगळं एकच कुळ. आकडा ऐकून धडकी भरते. पण कोणताही एक विषय स्वतःपुरते थोडेच शब्द वापरतो आणि तेच पुन्हा पुन्हा वापरतो. उसाच्या दराच्या ओळीने दहा बातम्या वाचा. पहिल्या बातमीत वीस शब्द अडतील, चौथ्या-पाचव्या बातमीपासून अडणारे शब्द झपाट्याने कमी होतील. एकाच विषयाला धरून वाचत राहण्याच्या या पद्धतीला स्टीफन क्रॅशन यांनी 'नॅरो रीडिंग' म्हटलं. रोज नवा विषय घेणाऱ्याला हा फायदा मिळत नाही, कारण त्याला रोज नव्याने वीस शब्द अडतात.

उसापासून सुरुवात

कारखान्याचा बॉयलर पेटला की आपण म्हणतो गाळप सुरू झालं. इंग्रजी बातमी म्हणते 'क्रशिंग सीझन' सुरू झाला. गाळप म्हणजे 'क्रशिंग', उतारा म्हणजे 'रिकव्हरी', थकबाकी म्हणजे 'एरिअर्स', मळी म्हणजे 'मोलॅसिस', ऊस उत्पादक म्हणजे 'केन ग्रोअर'. मराठी शब्द तुमच्याकडे आधीच तयार आहेत. 'एरिअर्स' शेवटच्या 'स'सकटच वापरतात, एकवचनी करून नाही. हे पाठ करायची गरज पडत नाही, कारण बातमीत तो प्रत्येक वेळी तसाच भेटतो.

आता एफआरपी, म्हणजे केंद्राने ठरवलेला उसाचा किमान दर. हा शब्द आपण मराठीच असल्यासारखा वापरतो, पण त्याची तीन अक्षरं फोडायला सांगितली की वर्ग शांत होतो. 'फेअर अँड रिम्युनरेटिव्ह प्राइस'. 'फेअर' म्हणजे रास्त. 'रिम्युनरेटिव्ह' म्हणजे ज्यातून केलेल्या कष्टाचा मोबदला सुटतो असा, किफायतशीर. २०२५-२६ च्या हंगामासाठी केंद्राने १०.२५ टक्के उताऱ्याला क्विंटलमागे ३५५ रुपये एफआरपी ठरवली. हे वाक्य इंग्रजीत वाचताना 'फॉर अ बेसिक रिकव्हरी ऑफ...' असे शब्द येतात आणि ते कशाबद्दल आहेत हे तुम्हाला विचारावं लागत नाही. पुढे 'रिम्युनरेशन' हा शब्द नोकरीच्या जाहिरातीत भेटला, तर तोही ओळखीचा निघतो, कारण तो त्याच कुळातला आहे.

१९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशात ऊस घातल्यापासून चौदा दिवसांच्या आत पैसे द्यायची अट आहे, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. इंग्रजी बातमीत यासाठी 'मँडेट' (बंधनकारक करणं), 'ड्यूज', 'डीफॉल्ट', 'क्लिअर' हे शब्द घोळत असतात. कारखाना 'डीफॉल्ट' करतो म्हणजे पैसे थकवतो, आणि 'क्लिअर्स ड्यूज' म्हणजे देणी भागवतो. ज्याच्या बापाचं बिल अडकलं आहे त्याला हे दोन शब्द एकदा सांगितले की पुरे होतात.

आंदोलनाच्या बातम्यांत आणखी एक सोय आहे. 'रास्ता रोको', 'धरणे', 'बंद', 'घेराओ', 'लाठीचार्ज', 'लाख', 'कोटी'चा 'क्रोर' हे सगळे शब्द भारतीय इंग्रजी पत्रं जसेच्या तसे वापरतात. म्हणजे इंग्रजी ओळीत अधूनमधून आपलीच माणसं भेटतात. 'स्टर' म्हणजे आंदोलन, 'कॉल ऑफ' म्हणजे मागे घेणं, 'इंटेन्सिफाय' म्हणजे तीव्र करणं, 'डेडलॉक' आणि 'स्टेलमेट' म्हणजे कोंडी, 'रिलेंट' म्हणजे ताठर भूमिका सोडून नरमणं. गुर्लापूरचा तो आठवडा मनात आणा आणि हे शब्द त्या दिवसांच्या क्रमाने लावा. आधी 'स्टर', मग 'इंटेन्सिफाय', मग 'डेडलॉक', मग सरकारचं 'रिलेंट' होणं, शेवटी 'कॉल ऑफ'. घटनाच शब्दांना ओळीने उभं करते.

मथळा वेगळ्या व्याकरणात लिहिलेला असतो

वर्गात सर्वांत जास्त वेळ मी यावर देतो, कारण शाळेत हे कुणी शिकवत नाही. मुलं पाठ्यपुस्तकातलं व्याकरण घेऊन मथळा वाचायला जातात आणि उलटा अर्थ लावतात. एकदा मी फळ्यावर फक्त दोन शब्द लिहिले, 'फार्मर्स हेल्ड'. खानापूरकडची एक मुलगी लगेच म्हणाली, "शेतकऱ्यांनी धरलं. पण काय धरलं ओ सर?" प्रश्न अगदी बरोबर होता. काय धरलं हे लिहिलेलं नाही, यातच अर्थाची किल्ली आहे. मथळ्यात 'वेअर' हे साहाय्यक क्रियापद गाळलेलं आहे. शेतकऱ्यांनी कुणाला धरलं नाही, शेतकऱ्यांनाच ताब्यात घेतलं.

तीन गोष्टी लक्षात ठेवल्या तर बहुतेक मथळे उलगडतात. काल घडलेली गोष्ट मथळा वर्तमानकाळात सांगतो: 'सेंटर बॅन्स ऑनियन एक्स्पोर्ट' म्हणजे केंद्राने निर्यातबंदी घातली, घालत आहे असं नाही. पुढे होणारी गोष्ट 'टु' लावून सांगतो: 'सेंटर टु लिफ्ट बॅन' म्हणजे उठवणार आहे, अजून उठलेली नाही. आणि 'बॅन लिफ्टेड' म्हणजे उठवली गेली, तिथे 'इज' किंवा 'वॉज' मनातून भरायचं. बाजारात माल नेणाऱ्याला 'टु लिफ्ट' आणि 'लिफ्टेड' यांतला फरक पैशाचा आहे, म्हणून तो विसरला जात नाही.

कांद्याचंच प्रकरण घ्या. व्यापाराचे इतके शब्द एका माळेत दुसऱ्या कुठल्या मालाने दिले नसतील. ऑगस्ट २०२३ मध्ये केंद्राने कांद्याच्या निर्यातीवर ४० टक्के शुल्क लावलं. ८ डिसेंबर २०२३ ला निर्यातच बंद केली, पुढे बंदीची मुदत वाढवली. ४ मे २०२४ ला बंदी उठली, पण टनाला ५५० डॉलरच्या खाली विकायचं नाही आणि ४० टक्के शुल्क भरायचं, या अटींवर. १३ सप्टेंबर २०२४ ला किमान भावाची अट काढली आणि शुल्क निम्म्यावर, २० टक्क्यांवर आणलं. १ एप्रिल २०२५ पासून तेही मागे घेतलं. आता हीच सगळी पावलं इंग्रजी पत्रांच्या भाषेत: 'इम्पोज्ड ड्यूटी', 'बॅन्ड', 'एक्स्टेंडेड', 'लिफ्टेड सबजेक्ट टु...', 'स्क्रॅप्ड फ्लोअर प्राइस', 'हाव्ह्ड', 'विथड्रू'. बेळगावच्या मार्केट यार्डात कांद्याच्या दलालाशी या दोन वर्षांबद्दल बोलून पाहा, तो तारखांसकट सांगेल. तुम्ही त्याच्या मराठी हकिकतीला इंग्रजी क्रियापदं लावत जायचं.

इथे एक नियम हाती लागतो. इंग्रजी शब्द बैलासारखा जोडीने चालतो, सुटा शिकला तर गाडी ओढत नाही. शुल्काला 'इम्पोज' किंवा 'लेव्ही' लागतं, बंदीला 'लिफ्ट' लागतं, अटीला 'वेव्ह', मुदतीला 'एक्स्टेंड', करारावर 'साइन', वादाला 'रिझॉल्व्ह'. 'ओपन द बॅन' असं मुलं लिहितात, कारण मराठीत निर्यात 'खुली' होते. म्हणून वहीत 'बॅन' एवढंच कधी लिहू नका, 'लिफ्ट द बॅन ऑन एक्स्पोर्ट्स' असा पूर्ण तुकडा लिहा. त्यातला 'ऑन'सुद्धा फुकट मिळतो.

मथळ्यांचे आखूड शब्द मात्र एकदा बसून पाठच करावेत. जागा कमी असते, म्हणून पत्रं लांब शब्दाऐवजी हे वापरतात. 'नॉड' म्हणजे मंजुरी, 'प्रोब' म्हणजे चौकशी, 'कर्ब' म्हणजे निर्बंध, 'हाइक' म्हणजे वाढ, 'मल' म्हणजे विचाराधीन ठेवणं, 'आय' म्हणजे डोळा ठेवणं, 'स्लॅम' म्हणजे सडकून टीका करणं, 'वू' म्हणजे मतदाराला किंवा गुंतवणूकदाराला आपलंसं करू पाहणं. आणि 'वाद' या अर्थाचा जो तीन अक्षरी शब्द (आर-ओ-डब्ल्यू) सीमाप्रश्नाच्या बातमीत हमखास असतो, त्याचा उच्चार 'राव' असा आहे. 'रो' म्हटलं तर रांग होते. मुलाखतीत हा फरक कानाला खटकतो.

ओळखीचा शब्द फसवतो

अनोळखी शब्द अडवतो, पण निदान शब्दकोश उघडायला लावतो. ओळखीचा शब्द तेवढीही संधी देत नाही. 'लोन सँक्शन झालं' हे आपण घरात सर्रास म्हणतो. ऑक्टोबर २०२५ मध्ये अमेरिकेने रशियाच्या दोन मोठ्या तेल कंपन्यांवर, रॉसनेफ्ट आणि लुकॉइलवर, 'सँक्शन्स' लावले. कर्जाची सँक्शन डोक्यात असलेल्या मुलाला वाटतं अमेरिकेने मंजुरी दिली. अर्थ नेमका विरुद्ध, निर्बंध. ओळखायची खूण शेजारच्या शब्दांत असते. रक्कम, कर्ज, पद, प्रकल्प शेजारी असेल तर मंजुरी. 'इम्पोज', 'लिफ्ट', 'ऑन', एखाद्या देशाचं नाव आणि बहुतेक वेळा अनेकवचन असेल तर निर्बंध.

'टॅरिफ' हेस्कॉमच्या वीजबिलावर असतं तेव्हा विजेचा दर, आणि वॉशिंग्टनच्या बातमीत आयातशुल्क. 'रिकव्हरी' कारखान्यात उतारा, बँकेत वसुली, दवाखान्यात बरं होणं. 'फ्लोअर प्राइस'मधला 'फ्लोअर' म्हणजे ज्याच्या खाली भाव जात नाही ती पायरी, आणि विधानसभेतला 'फ्लोअर' म्हणजे सभागृह, म्हणून 'फ्लोअर टेस्ट' म्हणजे सभागृहात बहुमत सिद्ध करणं. 'टेबल' हे क्रियापद तर देश बदलला की फिरतं. आपल्याकडे आणि ब्रिटनमध्ये अहवाल 'टेबल' केला म्हणजे सभागृहापुढे ठेवला, अमेरिकेत म्हणजे चर्चा बाजूला टाकली. म्हणून माझा आग्रह असतो की पहिलं वर्ष भारतीय इंग्रजी पत्रच वाचा, परदेशी नंतर.

सुवर्णसौधातले दहा दिवस

बेळगावात हलग्याजवळ सुवर्ण विधानसौध उभा आहे, ऑक्टोबर २०१२ मध्ये राष्ट्रपती प्रणव मुखर्जी यांच्या हस्ते त्याचं उद्घाटन झालं. बहुधा डिसेंबरात तिथे कर्नाटक विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन भरतं आणि थोडे दिवस आपला महामार्ग, आपले लॉज, आपले आंदोलक सगळे इंग्रजी बातमीत येतात. संसदीय शब्द शिकायला याहून चांगला हंगाम नाही. 'सेशन' म्हणजे अधिवेशन, त्यात रोजची 'सिटिंग' म्हणजे बैठक. 'ट्रेझरी बेंचेस' म्हणजे सत्ताधारी बाके, तिजोरीशी संबंध जोडू नका. 'वेल ऑफ द हाउस' म्हणजे अध्यक्षांच्या आसनासमोरची मोकळी जागा, जिथे विरोधक धावून जातात. 'वॉकआउट' सभात्याग. 'ॲडजर्न' म्हणजे तहकूब, आणि 'साइनी डाय' जोडलं तर पुढची तारीख न देता तहकूब. 'झीरो अवर' म्हणजे शून्य प्रहर, तातडीचे विषय मांडायचा वेळ, ही भारतीय संसदेचीच देणगी आहे. 'व्हिप' म्हणजे पक्षादेश आणि तो काढणारा प्रतोदही.

'बिल', 'ॲक्ट', 'ऑर्डिनन्स', 'मोशन', 'रिझॉल्यूशन' हे पाच शब्द मात्र सावकाश समजून घ्या, कारण परीक्षेत यांच्यावरच अडकवतात. विधेयक सभागृहात मांडलं जातं तेव्हा ते 'बिल'. दोन्ही सभागृहांनी मंजूर करून राज्यपालांची किंवा राष्ट्रपतींची संमती, म्हणजे 'असेंट', मिळाली की तेच 'ॲक्ट' होतं. सभागृह भरलेलं नसताना सरकार राज्यपालांकडून किंवा राष्ट्रपतींकडून काढून घेतं तो 'ऑर्डिनन्स', अध्यादेश. 'मोशन' म्हणजे सभागृहाने काही करावं यासाठी मांडलेला प्रस्ताव. 'रिझॉल्यूशन' म्हणजे ठराव, सभागृहाचं मत. डिसेंबर २०२२ आठवा. २२ तारखेला कर्नाटकाने आणि २७ तारखेला महाराष्ट्राने सीमाप्रश्नी आपापल्या सभागृहात ठराव केले, दोन्ही एकमताने. बातमीची क्रियापदं होती 'मूव्ह', 'पास', 'ॲडॉप्ट', आणि क्रियाविशेषण 'युनॅनिमसली'. ठरावाने एकही गाव इकडचं तिकडे होत नाही, कारण राज्यांच्या सीमा बदलायचा अधिकार राज्यघटनेच्या तिसऱ्या कलमाने संसदेला दिला आहे. 'रिझॉल्यूशन' आणि 'ॲक्ट' यांतलं अंतर आपल्या भागात कुणालाही पुस्तकातून समजावून सांगावं लागू नये.

बोलणाऱ्याच्या पाठीशी कोण आहे, हे क्रियापद सांगतं

सीमाखटल्याची बातमी वाचताना मन शांत राहत नाही, हे मला माहीत आहे. १९५६ पासूनचा हा विषय घराघरात आहे. म्हणूनच तिचे शब्द खोल रुजतात, आणि म्हणूनच ते नेमके समजून घ्यायला हवेत.

महाराष्ट्राने मार्च २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयात राज्यघटनेच्या १३१ व्या कलमाखाली दावा दाखल केला. 'ओरिजिनल सूट' म्हणजे खालच्या न्यायालयातून अपिलात न येता थेट सर्वोच्च न्यायालयात सुरू झालेला दावा. दावा लावणारा 'प्लेंटिफ', ज्याच्यावर लावला तो 'डिफेंडंट', ऐकण्याचा अधिकार 'ज्युरिस्डिक्शन', प्रकरण न्यायालयापुढे आहे म्हणजे 'सब ज्युडिस'. सीमाप्रश्नासाठी केंद्राने नेमलेल्या महाजन आयोगाने १९६७ च्या अहवालात २६४ गावं महाराष्ट्राला आणि २४७ गावं कर्नाटकाला द्यावीत असं सुचवलं. इंग्रजीत आयोग 'रेकमेंड' करतो, 'ऑर्डर' करत नाही. हा एक शब्द चुकला तर सगळा इतिहास चुकतो.

आता एकाच घटनेच्या दोन बातम्या शेजारी ठेवा, एक बेंगळुरूहून निघालेली, एक मुंबईहून. नेता 'सेड' म्हणजे फक्त म्हणाला. 'क्लेम्ड' म्हणजे दावा केला, आणि बातमीदार त्याची खात्री देत नाही. 'अलेज्ड' म्हणजे आरोप केला, पुरावा अजून यायचा आहे. 'रीइटरेटेड' म्हणजे जुनंच पुन्हा ठासून सांगितलं. 'कन्सीडेड' म्हणजे नाइलाजाने कबूल केलं. 'पॉइंटेड आउट' म्हणजे दाखवून दिलं, आणि हे वापरणारा बातमीदार ते खरंच आहे असं धरून चालला आहे. आपल्या नेत्याला 'पॉइंटेड आउट' आणि समोरच्याला 'क्लेम्ड' मिळालं असेल, तर तो लेखक कुठे उभा आहे ते कळतं. मुलांना मी दोन्ही बातम्यांतली क्रियापदं समोरासमोर लिहायला लावतो. त्या तासाला घंटा झाली तरी कुणी उठत नाही.

एक नोव्हेंबरच्या बातमीत आणखी एक चांगला धडा असतो. कर्नाटकाच्या राज्योत्सवाला 'सेलिब्रेट' येतं आणि त्याच दिवशी सीमाभागातले मराठी लोक पाळतात त्या काळ्या दिनाला 'ऑब्झर्व्ह'. शाळेत 'ऑब्झर्व्ह' म्हणजे निरीक्षण करणे एवढंच शिकवलेलं असतं. इथे त्याचा अर्थ पाळणे. दुखवटा, बंद, हुतात्मा दिन हे सगळे 'ऑब्झर्व्ह' होतात.

अमेरिकेचं शुल्क आणि आपल्या चपला

परदेशी व्यापाराची बातमी दूरची वाटते, पण बेळगावच्या उद्यमबाग आणि मच्छेच्या फौंड्रीत काम करणाऱ्यांच्या घरी ती दूरची नसते. २०२५ मध्ये अमेरिकेने पोलाद आणि ॲल्युमिनियमवर मार्चमध्ये २५ टक्के आणि जूनमध्ये ५० टक्के शुल्क लावलं. भारताच्या इतर बऱ्याच मालावर ७ ऑगस्टपासून २५ टक्के आणि रशियन तेलाचं कारण देऊन २७ ऑगस्टपासून आणखी २५ टक्के. या बातम्यांतले शब्द असे: 'स्टीप' म्हणजे चढं, 'एक्झेम्प्ट' म्हणजे सूट मिळालेलं, 'रिटॅलिएट' म्हणजे जशास तसं उत्तर देणं, 'बेअर द ब्रंट' म्हणजे मुख्य झळ सोसणं, 'पास ऑन' म्हणजे वाढलेला खर्च गिऱ्हाइकाच्या अंगावर टाकणं, 'कन्साइन्मेंट' म्हणजे पाठवलेला माल. आयातशुल्क आयात करणारा भरतो, निर्यात करणारा नाही, हे आधी समजून घ्या, मग 'पास ऑन'चा अर्थ आपोआप जागेवर बसतो.

कोल्हापुरी चपलेची गोष्ट त्याहून जवळची आहे. २०१९ मध्ये मिळालेलं तिचं भौगोलिक मानांकन महाराष्ट्राच्या चार आणि कर्नाटकाच्या चार जिल्ह्यांचं मिळून आहे, आणि त्यात बेळगाव आहे. जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीने तशाच धाटणीच्या चपला दाखवल्या, मूळ कारागिरांचा उल्लेख न करता. टीका झाल्यावर कंपनीने भारतीय हस्तकलेची प्रेरणा मान्य केली आणि डिसेंबरमध्ये दोन्ही राज्यांच्या चर्मोद्योग महामंडळांशी करार केला. अथणी-निपाणीकडच्या मुलांनी ही गोष्ट सुरुवातीपासून शेवटपर्यंत इंग्रजीत वाचावी. 'आर्टिझन' (कारागीर), 'अप्रोप्रिएशन' (दुसऱ्याचं आपलं म्हणून वापरणं), 'बॅकलॅश' (टीकेची लाट), 'अक्नॉलेज' (श्रेय मान्य करणं), 'इन्फ्रिंज' (हक्काचा भंग करणं), 'कोलॅबोरेशन' (एकत्र काम करणं) असे सहा भारदस्त शब्द त्या एका चपलेभोवती मिळतात, आणि 'अक्नॉलेज' म्हणजे काय हे तिथे डोळ्यांना दिसतं.

वही कशी ठेवायची

आधी मराठी पत्रात ती बातमी वाचा. हे कमीपणाचं नाही, पाया घालण्याचं काम आहे. मग इंग्रजीत तीच बातमी घ्या, शब्दकोश न उघडता शेवटपर्यंत जा. दुसऱ्या वाचनात पाच-सहा शब्दांखाली रेघ मारा, जास्त नको. वहीत शब्द न लिहिता ज्या वाक्यात तो आला ते वाक्य लिहा, आणि खाली आपल्या गावाबद्दलचं स्वतःचं एक वाक्य. सीमाभागातल्या मुलांना मी एक रकाना कन्नडचाही ठेवायला सांगतो. ऊस म्हणजे 'कब्बू', दर म्हणजे 'बेले', कर म्हणजे 'तेरिगे'. कचेरीतलं काम सोपं होतं आणि एकाच वस्तूला तीन बाजूंनी हात लागल्यामुळे इंग्रजी शब्दही घट्ट बसतो.

उजळणी दुसऱ्या दिवशी, मग तीन-चार दिवसांनी, मग आठवड्याने. हर्मन एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवर प्रयोग करून दाखवलं की विसरणं सुरुवातीला फार वेगाने होतं आणि नंतर मंदावतं. म्हणून पहिली उजळणी लवकर हवी. अर्थ झाकून आठवायचा, नुसता डोळ्यांखालून घालायचा नाही. आणि आकाशवाणीचं इंग्रजी बातमीपत्र ऐका. सकाळी वाचलेला शब्द संध्याकाळी कानावर पडला की उच्चारही सुधारतो.

संपादकीयापासून सुरुवात करू नका. ते मतांचं लेखन असतं, वाक्यं लांब असतात. आधी पहिल्या पानावरची साधी बातमी, तीही तिच्या पहिल्या परिच्छेदापुरती, कारण कोण, काय, कुठे, कधी हे सगळं तिथेच असतं.

कुठली बातमी धरायची हे सुचत नसेल तर म्हादई घ्या. नदी खानापूर तालुक्यातल्या जंगलात उगम पावते, कणकुंबीला कळसा कालव्याचं काम आपण पाहिलेलं आहे, आणि गोवा, कर्नाटक, महाराष्ट्र तिघेही वादात आहेत. २०१० मध्ये 'ट्रिब्यूनल' म्हणजे लवाद नेमला गेला, ऑगस्ट २०१८ मध्ये त्याने 'अवॉर्ड' दिला. इथे अवॉर्ड म्हणजे निवाडा, बक्षीस नाही. त्यात कर्नाटकाला १३.४२ टीएमसी पाण्याचं 'ॲलोकेशन' झालं. फेब्रुवारी २०२० मध्ये केंद्राने तो 'नोटिफाय' केला, डिसेंबर २०२२ मध्ये प्रकल्प अहवालाला केंद्रीय जल आयोगाचा 'नॉड' मिळाला, आणि गोव्याचा आक्षेप आहे तो मुख्यतः 'डायव्हर्शन'ला, म्हणजे पाणी दुसऱ्या खोऱ्यात वळवण्याला. ही बातमी अजून चालू आहे. वनखात्याची परवानगी, म्हणजे 'क्लिअरन्स', हा तिचा पुढचा शब्द.